मदत हवी आहे: मुलांसाठी प्राण्यांची जुनी कार्टून्स – धमाल लावू की गोड गोष्टी?

नमस्कार मंडळी,

आमच्या वाचनालयाच्या बालविभागात दिवाळीच्या सुट्टीत जुन्या कार्टूनपटांचा तासाभराचा खेळ ठेवतोय. मुलं पाच ते दहा वर्षांची. परवानगीचं वगैरे वाचनालय बघतंय, निवड आणि क्रम माझ्याकडे आहे. तिथेच अडलंय.

समितीतल्या बहुतेकांचं मत, तासभर टॉम अँड जेरीच लावा, मुलं खूश. खूश होतील यात मलाही शंका नाही. हॅना आणि बार्बेरा या दिग्दर्शक जोडीने १९४० ते १९५८ या काळात एमजीएम या हॉलिवूडच्या स्टुडिओसाठी या मालिकेचे ११४ लघुपट केले, त्यातल्या सात लघुपटांना ऑस्कर मिळालं. संवाद जवळजवळ नाहीत, सगळा भार हालचालीवर आणि स्कॉट ब्रॅडलीच्या संगीतावर. भाषा न कळणारं पोरही पहिल्या मिनिटाला हसतं. पण त्याच काळातल्या हळव्या, गोड कार्टून्सना एकही जागा मिळू नये हे मला पटत नाही.

एक उदाहरण देते. १९४० सालच्या ऑस्करला एमजीएमचेच दोन लघुपट समोरासमोर होते. एक ‘पस गेट्स द बूट’. यातला जास्पर नावाचा बोका म्हणजेच पुढचा टॉम. घरात आणखी एक वस्तू फुटली तर त्याची हकालपट्टी होणार असते, आणि हे उंदराला कळतं. दुसरा ‘द मिल्की वे’. हातमोजे हरवले म्हणून दुधाविना झोपायला पाठवलेली मांजरीची तीन पिल्लं फुग्यांना बांधलेल्या टोपलीतून आकाशगंगेत जातात आणि पोटभर दूध पितात. बक्षीस पिल्लांना मिळालं! १९३२ पासून दरवर्षी डिस्नीकडे जाणारा हा पुरस्कार त्या वर्षी पहिल्यांदा बाहेर गेला, तोही अशा गोड गोष्टीला. आज टॉमला सगळं जग ओळखतं आणि त्या पिल्लांचं नाव निघत नाही. असं का झालं असावं?

मला वाटतं, दोन्ही प्रकारांत मार सारखाच असतो. फरक पडतो तो मारानंतर चित्र चेहऱ्यावर किती वेळ थांबतं त्याने. टॉमच्या डोक्यात तवा बसतो, डोकं तव्याच्या आकाराचं होतं आणि पुढच्या क्षणी पळापळ सुरू. दुखायला त्याला वेळच मिळत नाही, म्हणून आपण हसतो. आता डिस्नीचं १९३९चं ‘द अग्ली डकलिंग’ बघा. सगळ्यांनी हाकललेलं पिल्लू पाण्यात तरंगणाऱ्या लाकडी बदकाला आई समजून त्याच्याशी खेळायला जातं. ते बदक डुलतं आणि त्याची चोच पिल्लाच्या डोक्यात बसते. कागदावर हा शुद्ध मारामारीचा विनोद आहे. पण इथे चित्र थांबतं, पिल्लू रडायला लागतं आणि आपल्या पोटात तुटतं. एवढी ताकद असलेली गोष्ट मुलांनी बघूच नये का?

तर मदत अशी हवी आहे: गोड, पण गुळमट नाहीत असे लघुपट सुचवा. आणि धमाल आधी ठेवावी की नंतर, हेही सांगा.

प्रतिसाद १

ताई, डोळे झाकून ‘फीड द किटी’ घ्या. दिग्दर्शक चक जोन्स, १९५२. दांडगा बुलडॉग मार्क अँटनी एका इवल्याशा मांजराच्या पिल्लावर भुंकायला जातो आणि ते पिल्लू निवांत त्याच्या पाठीवर चढून, पंजांनी पाठ मळून, तिथेच झोपतं. घरात नवीन काही आणायचं नाही अशी मालकिणीची ताकीद, म्हणून लपवाछपवी, आणि ती सगळी धमाल. मग पिल्लू पिठात सापडून बिस्किटांबरोबर भाजलं गेलं असं त्याला वाटतं. मालकीण त्याला मांजराच्या आकाराचं बिस्किट देते. ते तो जपून पाठीवर ठेवतो, पिल्लू झोपायचं त्याच जागी. प्रेक्षकाला माहीत असतं की पिल्लू सुखरूप आहे, तरी डोळे भरतात. तुमचे दोन्ही प्रकार या सात मिनिटांत एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत.

प्रतिसाद २

थोडा विरोधी सूर लावतो. गोडव्याचा साचा फार सोपा असतो. मोठं डोकं, मोठे डोळे, गोबरे गाल दिसले की माणसाला माया येते, हे प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणाऱ्या कोनराड लोरेन्झने १९४३ मध्येच मांडलं होतं. तीस-चाळीसच्या दशकात अनेक स्टुडिओंनी तो साचा वापरून ढीगभर पिल्लं काढली. त्यांना नाव, स्वभाव, हट्ट काहीच नव्हतं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे दिसतं: टॉमला स्वभाव आहे, त्या तीन पिल्लांना फक्त डोळे आहेत.

एमजीएमच्याच टेक्स एव्हरी या दिग्दर्शकाने १९४४च्या ‘स्क्रूबॉल स्क्विरल’मध्ये याच साच्यावर हल्ला केला. सुरुवातीला एक गोंडस खार नाचत येते, आणि खरा नायक तिला झाडामागे नेऊन बडवतो, कारण असलं गोड कार्टून त्याला नको असतं. एव्हरीचा राग मला रास्त वाटतो. तेव्हा गोड लघुपट जरूर लावा, पण ज्यातल्या प्राण्याला काहीतरी जिवापाड हवं असतं असेच निवडा. तुमचं बदकाचं पिल्लू त्यात बसतं.

प्रतिसाद ३

मी बालवाडीत शिकवते. क्रमाबद्दल माझं मत पक्कं आहे: शांत गोष्ट आधी. पळापळीचे दोन लघुपट लागोपाठ बघितले की मुलं त्याच वेगात जातात, मग पडद्यावर कुणी हळूहळू रडत असेल तर त्यांची चुळबुळ सुरू होते. आणि रडणारा लघुपट शेवटी ठेवून मुलांना घरी पाठवू नका.

आणखी एक, फार महत्त्वाचं. एमजीएमच्या त्या काळातल्या कित्येक लघुपटांत कृष्णवर्णीयांची हेटाळणी करणारी दृश्यं आहेत, विशेषतः स्फोटानंतर काळ्या पडलेल्या चेहऱ्याचे विनोद. प्रत्येक लघुपट आधी स्वतः पूर्ण बघा.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. दादा, ‘जिवापाड हवं असणं’ ही कसोटी मी लगेच लावून पाहिली आणि यादीतून बरंच काही गळालं.

सध्याचा क्रम असा: आधी ‘अग्ली डकलिंग’, मग ‘फीड द किटी’. त्यानंतर टॉम अँड जेरीचा १९४१चा ‘द नाईट बिफोर ख्रिसमस’. त्यात टॉम जेरीला बर्फात बाहेर कोंडतो, मग शेकोटीजवळ त्यालाच चैन पडत नाही, आणि गोठलेल्या जेरीला तो आत आणून ऊब देतो. हाणामारीतून मायेकडे जाणारा तो रस्ता मुलांना नक्की कळेल. शेवट टॉम अँड जेरीच्याच ‘द कॅट कॉन्सर्टो’ने, म्हणजे पियानोवरची निव्वळ धमाल, आणि मुलं हसत घरी जातील. बालवाडीच्या ताईंनी सांगितल्याप्रमाणे सगळे पुन्हा नीट बघून घेते आहे.

‘मिल्की वे’ मात्र अजून सोडवत नाही. दुसऱ्या प्रतिसादाचा मुद्दा मान्य असूनही, टोपलीतून वर जाणारी ती पिल्लं मोठ्या पडद्यावर दिसावीत असं फार वाटतं. कुणी पाच-सहा वर्षांच्या मुलांना हा लघुपट दाखवला आहे का? मुलं शेवटपर्यंत बसली का, एवढं कळलं तरी पुरे. यादी पुढच्या आठवड्यात द्यायची आहे.