मदत हवी आहे: अरवलीखालचा मोहो (कवच आणि प्रावरण यांमधली सीमा) नेमका कुठे धरायचा?

एमएस्सी जिओफिजिक्सच्या सेमिनारसाठी राजस्थानातल्या नागौर-झालावाड या खोल भूकंपीय परावर्तन रेषेवर (जमिनीत लहरी सोडून खोलवरून येणारे त्यांचे पडसाद टिपलेली रेषा) काम करतोय. इथे मुंबईत हाताशी फक्त छापलेले सेक्शन (त्या पडसादांची उभ्या छेदासारखी चित्रं) आहेत, मूळ डेटा नाही. त्यामुळे नव्याने प्रोसेसिंग करा, असं कृपया सुचवू नका.

अडचण खोलीची आहे. समजा मोहो 14 सेकंद द्विमार्गी वेळेवर (लहर खाली जाऊन परत येण्याचा वेळ) धरला, तर सरासरी वेग 6.2 किमी/सेकंद घेऊन खोली 43.4 किमी येते आणि 6.6 घेऊन 46.2. जवळजवळ तीन किलोमीटरचा फरक! स्टॅकिंग वेग (मूव्हआउट, म्हणजे अंतरानुसार वाढत जाणाऱ्या परतीच्या वेळेवरून काढलेला वेग) वापरून पाहिला, पण इतक्या खोलवर मूव्हआउट एवढा थोडा उरतो की त्यावर भरवसा बसत नाही. शिवाय अशा प्राचीन पर्वतपट्ट्यात परावर्तक तिरके असतात, मायग्रेशन केल्याशिवाय ते खऱ्या जागी दिसतच नाहीत. रिसीव्हर फंक्शनकडे (दूरच्या भूकंपांच्या नोंदींवरून कवचाची जाडी काढण्याची पद्धत) वळलो, तर तिथे पी आणि एस लहरींच्या वेगांच्या गुणोत्तराचा प्रश्न उभा राहतो.

खालच्या कवचातले परावर्तक जिथे संपतात तो मोहो मानायचा, की अपवर्तन सर्वेक्षणात लहरींचा वेग 8 किमी/सेकंदाच्या आसपास जातो ती पातळी? आणि दोन्ही जुळल्या नाहीत, तर तुम्ही कुठली धराल आणि का?