मदत हवी आहे : मामांनी घेतलेलं कॉमिकचं मूळ पान
नमस्कार मंडळी. मामा १९७० च्या दशकात न्यूयॉर्कला शिकत होते. फिल स्यूलिंग ४ जुलैच्या सुमारास कॉमिक्सचं संमेलन भरवायचे, तिथून त्यांनी एक मूळ पान आणलं, म्हणजे कॉमिक छापण्यासाठी चित्रकाराने हाताने शाईने काढलेलं पान. तेव्हा अशी पानं अगदी थोड्या डॉलरांत मिळत. २०२२ मध्ये स्पायडर-मॅनचं एक पान ३३ लाख ६० हजार डॉलरला गेलं!

मामा आता नाहीत, पान माझ्याकडे आहे. चित्र साडेबारा बाय साडेअठरा इंच, म्हणजे १९६० च्या दशकातलं जुनं मोठं माप. त्या काळी कंपन्या चित्रकारांना पानं सहसा परत देत नसत. मग हे विक्रीला आलं कसं, हे मनातून जात नाही. त्या संमेलनांत खरेदी केलेलं कुणी ओळखीत आहे का? पानं कोण विकायचं? पावती मिळायची का? आठवेल तेवढं सांगा, प्लीज.