स्टंट स्वतः केला म्हणून क्रूझ कीटनच्या पंगतीत बसतो का?

शिळा_पॉपकॉर्न
नोव्हेंबर २०२५ मध्ये टॉम क्रूझला मानद ऑस्कर मिळालं आणि तेव्हापासून 'हा आजचा बस्टर कीटन' (मूकपटांच्या काळातला विनोदी नट-दिग्दर्शक) हे ऐकून कान किटलेत. मला हे साफ अमान्य आहे.

'स्टीमबोट बिल ज्युनिअर' (१९२८) मधलं वादळ आठवा. घराची अख्खी दर्शनी भिंत कीटनवर कोसळते आणि तो नेमका वरच्या उघड्या खिडकीच्या जागी उभा असल्यामुळे वाचतो. कॅमेरा लांब, मध्ये कट नाही, चेहरा मख्ख. यात जीव जाऊ शकला असता हे कुणी समजावून सांगावं लागत नाही.

आता क्रूझची नॉर्वेतल्या कड्यावरून मोटरसायकलसकट उडी बघा. सिनेमा ('मिशन इम्पॉसिबल' मालिकेतला 'डेड रेकनिंग') जुलै २०२३ चा, पण उडीचं चित्रीकरण कसं झालं याचा व्हिडिओ पॅरामाउंट स्टुडिओने डिसेंबर २०२२ मध्येच सोडला. पडद्यावर तर खालचा रॅम्प पुसून संगणकाने खडक चढवलाय! खरं धाडस बघायचं तर सिनेमा सोडून जाहिरात बघायची, असा उलटा कारभार.

इंटरव्हलनंतर_आलो
अजिबात सहमत नाही. जुनं ते सोनं म्हणून किती दिवस आरती ओवाळायची? 'कॉलेज' (१९२७) मध्ये बांबूच्या आधाराने खिडकीत उडी मारतो तो कीटन नाहीच, तो १९२४ च्या ऑलिंपिकमधला पोल व्हॉल्टचा सुवर्णपदक विजेता ली बार्न्स. मूकपटांतला दुसरा विनोदी नट हॅरोल्ड लॉइड, त्याचं ते 'सेफ्टी लास्ट' (१९२३) मधलं इमारतीवरच्या घड्याळाला लटकणं? इमारतीच्या गच्चीवर सेट बांधला होता आणि लांबच्या शॉटमध्ये भिंत चढणारा भलताच माणूस. बनवाबनवी तेव्हाही होतीच.

क्रूझचा घोटा २०१७ मध्ये लंडनला 'मिशन इम्पॉसिबल: फॉलआउट'च्या चित्रीकरणात मोडला आणि तोच शॉट सिनेमात आहे. मोडक्या पायाने उठून लंगडत पुढे जातो गडी. याला जाहिरात म्हणणार?

शिळा_पॉपकॉर्न
उदाहरण माझ्याच बाजूचं दिलंत, आभारी आहे. 'थ्री एजेस' (१९२३) मध्ये एका छतावरून दुसऱ्यावर उडी मारताना कीटन खरोखर चुकला, खाली जाळीत पडून जखमी झाला. त्याने काय केलं? तेच पडणं ठेवून त्याला पुढे आणखी पडझड जोडली आणि मूळ उडीपेक्षा मोठा विनोद उभा केला. क्रूझच्या घोट्याने कथेत काय बदललं? काही नाही. पाठलाग ठरल्याप्रमाणे पुढे चालू. मुद्दा हिमतीचा नाहीच, ती दोघांकडे भरपूर.

इंटरव्हलनंतर_आलो
विनोदपटाची फूटपट्टी थरारपटाला लावताय. तिथे पाठलाग चालू राहणं हीच कथा असते. आणि कीटनचं पुढे काय झालं तेही लिहा की. १९२८ मध्ये एमजीएम स्टुडिओशी करार केला आणि सिनेमा हातातून गेला. क्रूझ १९९६ च्या पहिल्या 'मिशन'पासून स्वतः निर्माता आहे, स्टुडिओला त्याने ती संधीच दिली नाही. माझ्या मते त्याचं खरं कर्तृत्व ते, उड्या नंतर.

डमी_नंबर_दोन
दोघांचेही चाहते 'स्वतः केला, स्वतः केला' म्हणून नाचताहेत, म्हणून बोलतो. 'स्टेजकोच' (१९३९) मध्ये धावत्या घोड्यांच्या मधून खाली घसरणारा स्टंटमन याकिमा कानूट किती जणांना माहीत आहे? त्यालाही मानद ऑस्कर मिळालं, पण १९६७ मध्ये. स्टंटसाठी नियमित ऑस्कर २०२७ मध्ये प्रदर्शित होणाऱ्या सिनेमांपासून सुरू होणार, म्हणजे सोहळा शंभरावा! क्रूझच्या प्रत्येक उडीमागे दोर बांधणारी, पॅराशूट तपासणारी पलटण असते. ताऱ्याने स्टंट स्वतः केला की टाळ्या, त्याच्या बदली स्टंटमनने, म्हणजे डबलने केला की फसवणूक. हा कुठला न्याय?

शिळा_पॉपकॉर्न
फसवणूक कोण म्हणालं? 'शेरलॉक ज्युनिअर' (१९२४) मध्ये मोटरसायकलवरून पडणाऱ्या सहायकाचा डबल खुद्द कीटन होता. ते कामही तो कमी मानत नव्हता.

डमी_नंबर_दोन
तो मानत नव्हता हो. त्याचे चाहते मानतात.

वाडिया_फॅन
आमची स्टंट करणारी नायिका नाडिया कुणालाच आठवू नये? १९३५ ची 'हंटरवाली', आपल्या मुंबईतली!

शिळा_पॉपकॉर्न
नाडियाचा वेगळा धागा काढा, पहिला प्रतिसाद माझा.