मदत हवी आहे: ओटी (ऑक्युपेशनल थेरपी) मास्टर्ससाठी अमेरिकेचं सरकारी (फेडरल) लोन, १ जुलैच्या आधीचं कॉलेज घेऊ की नंतरचं?

नमस्कार मंडळी,

मी न्यू जर्सीत राहते, ग्रीन कार्ड आहे. शिक्षण बीपीटीएच (फिजिओथेरपीची पदवी), नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाचं. लग्न झाल्यावर एच-४ वर (नवऱ्यामुळे मिळणारा व्हिसा) इकडे आले, मग मुलगा झाला आणि प्रॅक्टिस राहून गेली ती राहूनच गेली. आता ऑक्युपेशनल थेरपीत मास्टर्स करायचंय आणि पुढे पब्लिक स्कूलमधे लहान मुलांसोबत काम करायचंय, हे अगदी पक्कं आहे त्यामुळे "दुसरं काहीतरी कर" असा सल्ला प्लीज नको. दोन ठिकाणी ॲडमिशन मिळालीये, १ मेच्या आत एका ठिकाणी डिपॉझिट भरायचंय आणि सगळं गाडं पैशावर येऊन अडलंय.

पहिलं कॉलेज प्रायव्हेट. घरापासून वीस मिनिटं, मुलांच्या ओटीसाठी त्यांचे शाळांशी चांगले टायअप आहेत, पण वर्षाचा खर्च राहणं-खाणं धरून त्यांनीच ६१ हजार डॉलर दाखवलाय. क्लास जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू. दुसरं स्टेट कॉलेज, ट्यूशन आणि फी मिळून २७ हजार, ऑगस्टच्या शेवटी सुरू, पण जायला दीड तास आणि यायला दीड तास. दोन्ही दोन वर्षांचे कोर्स.

आता मुद्दा असा की जुलै २०२५ मधे जो मोठा कायदा सही झाला त्यात ग्रॅड प्लस लोन (मास्टर्स वगैरे ग्रॅड विद्यार्थ्यांचं एक सरकारी लोन) बंद केलंय, १ जुलै २०२६ पासून नवीन विद्यार्थ्यांना मिळणार नाही. म्हणजे आत्तापर्यंत कसं होतं की डायरेक्ट अनसबसिडाइज्ड (दुसरं सरकारी लोन, शिकतानाचं व्याज आपल्याच डोक्यावर) चे वर्षाला २०,५०० डॉलर घ्यायचे आणि उरलेला खर्च कितीही असो, कॉलेजने ठरवलेल्या खर्चापर्यंत ग्रॅड प्लसने भरून काढायचा. यापुढे फक्त ते २०,५००, आणि सगळ्या ग्रॅड शिक्षणाला मिळून १ लाखाची मर्यादा. पण जे ३० जूनला त्या कोर्सला एनरोल असतील आणि ज्यांचं त्या कोर्सचं फेडरल लोन १ जुलैच्या आधी निघालं असेल त्यांना ३ वर्षं किंवा कोर्स संपेपर्यंत, यातलं जे कमी असेल तेवढे दिवस, जुन्या नियमाने घेता येईल. म्हणून जूनवालं कॉलेज घ्यावं असं सगळे सांगतायत, "दार बंद व्हायच्या आत शिरून घे" म्हणे. मला मात्र रात्री झोप लागत नाहीये कारण आकडे मांडले की पोटात गोळा येतो.

जे मला कळलंय ते आधी लिहिते म्हणजे तुमचा वेळ जायला नको. ग्रॅड विद्यार्थी फाफसामधे (सरकारी लोन-मदतीचा फॉर्म) आपोआप इंडिपेंडंट धरतात, त्यामुळे आईबाबांची माहिती लागत नाही (बाबा सांगलीत, पेन्शनवर, त्यांना एफडी मोडायची घाई झालीये, मी ठाम नाही म्हणलंय). अनसबसिडाइज्ड लोन गरजेवर अवलंबून नाही त्यामुळे नवऱ्याच्या पगारामुळे ते कमी होत नाही. २०२६-२७ च्या फॉर्मला २०२४ चा टॅक्स लागतो, तो आम्ही जॉइंट भरलाय म्हणून नवऱ्याला वेगळं अकाउंट काढून त्याची संमती द्यावी लागली नाही. व्याज २०२५-२६ साठी अनसबसिडाइज्डला ७.९४ टक्के, ग्रॅड प्लसला ८.९४, आणि शिकत असतानाही चढत राहतं. सबसिडाइज्ड (शिकतानाचं व्याज सरकार भरतं ते) ग्रॅडला २०१२ पासूनच नाही.

आता प्रश्न. एक तर नावाचा घोळ. सोशल सिक्युरिटी कार्ड माहेरच्या आडनावाने आहे आणि ग्रीन कार्डवर सासरचं आडनाव, मधे नवऱ्याचं नाव. स्टुडंटएडच्या साइटवर (फाफसा जिथे भरतात ती) अकाउंट कुठल्या नावाने काढायचं? दुसरं, जूनमधे सुरू होणाऱ्या कोर्सला २०२५-२६ चा फाफसा लागतो की २०२६-२७ चा? कॉलेजच्या वेबसाइटवर काहीच धड लिहिलेलं नाही. तिसरं, ओटीला "प्रोफेशनल" डिग्री धरून वर्षाला ५० हजार मिळतील असं एका ओळखीच्या ताईंनी सांगितलं, ते खरंय का? आणि खरा प्रश्न, तुम्ही माझ्या जागी असता तर ग्रॅड प्लस मिळतंय म्हणून जूनचं कॉलेज घेतलं असतं का?

प्रतिसाद

ताई, अभिनंदन आधी! मी एका कॉलेजच्या फायनान्शियल एडमधे काम करते त्यामुळे जेवढं रोज बघते तेवढं सांगते.

नाव: अकाउंट सोशल सिक्युरिटीकडे जे नाव आहे त्याच नावाने काढा, कारण पडताळणी त्यांच्याशी होते. मॅच व्हायला एक ते तीन दिवस लागतात. पण तुमचं कार्ड एच-४ ईएडीच्या (वर्क परमिटच्या) वेळचं असेल तर आधी सोशल सिक्युरिटी ऑफिसमधे जाऊन नाव आणि ग्रीन कार्डचं स्टेटस दोन्ही अपडेट करून घेतलेलं बरं. ग्रीन कार्ड आलं म्हणून त्यांची नोंद आपोआप बदलत नाही. नाव बदललं की कॉलेजलाही कळवा, सगळीकडे एकच नाव पाहिजे. फॉर्ममधे ए-नंबर (ग्रीन कार्डवरचा इमिग्रेशन नंबर) नीट बघून टाका, होमलँड सिक्युरिटीशी मॅच झाला नाही तर कॉलेज कागदपत्रं मागतं आणि त्यात आठवडे जातात, जे तुमच्याकडे नाहीत.

कुठला फाफसा: जी टर्म ३० जून आणि १ जुलै दोन्ही ओलांडून जाते ती कुठल्या वर्षात धरायची हे कॉलेज ठरवतं. म्हणून दोन्ही फॉर्म भरून ठेवा. २०२५-२६ चा फॉर्म ३० जूनपर्यंतच घेतात आणि त्याला २०२३ चा टॅक्स लागतो, तेव्हा तो कसा भरला होता बघा. जॉइंट नसेल तर त्या फॉर्मला नवऱ्याचं अकाउंट आणि संमती लागेल.

आणि ऑफिसला ईमेलवर स्पष्ट विचारा की माझ्या लोनचा पहिला हप्ता कुठल्या तारखेला निघणार. क्लास सुरू व्हायच्या १० दिवस आधीपासून पैसे सोडायची परवानगी असते पण बरीच कॉलेजं ॲड-ड्रॉप (विषय बदलायची मुदत) संपेपर्यंत थांबतात. तुमच्या केसमधे दोन आठवड्यांचा उशीर झाला तर ज्यासाठी जून निवडला तेच हातातून जाईल. फोनवरचं "हो हो होईल" चालणार नाही, लेखी घ्या. प्रॉमिसरी नोट (लोनचा करार) आणि एन्ट्रन्स काउन्सेलिंग (लोनच्या आधीची माहिती) आजच करून टाका, त्याच्याशिवाय पैसे सुटत नाहीत.

प्रतिसाद

प्रोफेशनलचं उत्तर: एज्युकेशन डिपार्टमेंटने जी व्याख्या मांडलीये त्यात मेडिसिन, डेंटिस्ट्री, फार्मसी, लॉ, ऑप्टोमेट्री अशी ठरावीक नावं आहेत, ओटी नाही, पीटी आणि नर्सिंगही नाही. त्यावर बराच गदारोळ झाला पण तुम्ही ५० हजार धरून हिशोब करू नका, २०,५०० च धरा.

आता आकडे. पहिलं कॉलेज दोन वर्षांचे १ लाख २२ हजार. त्यातले ४१ हजार अनसबसिडाइज्डमधून, राहिले ८१. समजा ८० हजार ग्रॅड प्लस घेतलं तर नुसती ओरिजिनेशन फी (लोन देण्याचा आकार) ४.२२८ टक्क्याने ३,३८० च्या वर जाते, ती हातात येण्याआधीच कापतात, आणि व्याज वर्षाला ७ हजारांवर. स्टेट कॉलेजला २०,५०० मधून १.०५७ टक्के फी जाऊन हातात २०,२८३ येतात. ट्यूशनला वर्षाला ६,७०० कमी पडतील, वर पेट्रोल-टोल. घर तर नवऱ्याच्या पगारावर चालतंयच ना? मग ग्रॅड प्लस मिळतंय की नाही हा तुमचा प्रश्नच नाही हो. हे दार बंद होऊ दे, त्यातून तुम्हाला जायचंच नाहीये.

माझी बायको ओटी आहे, शाळेतच काम करते. तिचा सल्ला असा की लेव्हल टू फील्डवर्क (कोर्समधलं प्रत्यक्ष कामाचं ट्रेनिंग) किमान २४ आठवडे फुलटाइम असतं आणि पगार मिळत नाही, त्या काळासाठी पैसे बाजूला ठेवा. लायसन्सची परीक्षा दोन्हीकडच्या मुलांना एकच.

धागाकर्ती

खूप खूप आभार दोघांचे. सोशल सिक्युरिटीची अपॉइंटमेंट घेतली, २०२३ चा टॅक्सही जॉइंटच होता. जूनवाल्या कॉलेजला ईमेल टाकला, उत्तर आलं की पहिला हप्ता "साधारण जूनच्या शेवटी", तारीख द्यायला तयार नाहीत.

घरचा खर्च नवरा बघतो हे खरंय. पण तीन तास रोजचा प्रवास आणि मुलगा पहिलीत, म्हणून मी ६१ हजारांकडे बघत होते. पब्लिक स्कूलमधे लागले तर पीएसएलएफने (सार्वजनिक नोकरीतल्यांची लोनमाफी) १२० हप्त्यांनंतर उरलेलं माफ होईल ना, मग मोठं लोनही चालेल असं डोक्यात होतं.

प्रतिसाद

पीएसएलएफ आहे अजून, पब्लिक स्कूल डिस्ट्रिक्ट त्यात बसतं. पण १ जुलैनंतरच्या नव्या लोनला उत्पन्नानुसार हप्ता ठरवणारे जुने इन्कम बेस्ड प्लॅन नाहीत, आरएपी नावाचा तसा एकच आहे, उत्पन्नाच्या १ ते १० टक्के. टॅक्स जॉइंट भरलात तर नवऱ्याचा पगारही त्यात धरणार आणि हप्ता एवढा मोठा होईल की १२० नंतर माफ व्हायला फारसं उरणार नाही. वेगळा टॅक्स भरलात तर फक्त तुमचं उत्पन्न, पण मग टॅक्स जास्त. आणि जूनमधे जुन्या नियमाने शिरलात तरी पुढच्या सेमिस्टरची लोनं जुलैनंतरचीच असणार. माफीच्या भरवशावर ८० हजार घेऊ नका ताई.

प्रवासाचं म्हणाल तर स्टेट कॉलेजला विचारा की फील्डवर्क तुमच्या घराजवळच्या डिस्ट्रिक्टमधे मिळेल का. मागितलं तर बऱ्याचदा देतात. पार्टटाइमचा विचार मात्र करू नका, नव्या नियमात क्रेडिट कमी घेतले की लोनही त्या प्रमाणात कमी होतं.

धागाकर्ती

हे पीएसएलएफचं कोणीच सांगितलं नव्हतं. नवऱ्याला बसवून वाचून दाखवलं. स्टेट कॉलेजच्या फील्डवर्क कोऑर्डिनेटरशी गुरुवारी बोलणं आहे. मॉन्माउथ किंवा मिडलसेक्स काउंटीच्या शाळांमधे कोणी ओटीचं फील्डवर्क केलेलं असेल तर प्लीज मेसेज करा, बोलण्याआधी काय काय विचारायचं ते समजून घ्यायचंय.