सासुरवाडीची उर्राक आणि दुसऱ्या दिवशीचं डोकं: उपाय सांगा

पर्वरीचा कोल्हापूरकर:

मंडळी, मी मूळचा कोल्हापूरचा. नोकरीमुळे सहा वर्षं पर्वरीत आहे आणि लग्नामुळे कायमचा गोव्याचा. सासुरवाडी सत्तरी तालुक्यात, वाळपईच्या पुढे. सासऱ्यांची काजूची बाग आहे. मार्च-एप्रिलात तिकडं गेलं की जावयाची सुटका नाही. शेजारच्या भाटीवरून (दारू गाळायच्या भट्टीवरून) उर्राक म्हणजे काजूच्या बोंडांची दारू येते, लिम्का येते, वर मीठ आणि मधोमध चिरलेली हिरवी मिरची. चव अशी की सरबत पितोय की दारू, तेच कळत नाही. मी पहिल्या वर्षी जरा कां कूं केलं, तर सासरे म्हणाले, "उर्राक म्हणजे सोरो न्हय रे, बोंडूंचो रोस!" म्हणजे दारू नव्हे, काजूच्या बोंडांचा रस.

गेल्या एप्रिलात त्या रोसानं माझी पार वाट लावली. रविवारी संध्याकाळी सातला बसलो, उठलो तेव्हा बारा वाजून गेले होते. स्टीलचे मोठे पेले, पाच झाले की सहा ते आठवत नाही. रात्री काही वाटलं नाही, उलट मेहुण्याला कुस्तीचे डाव शिकवत होतो म्हणे. सोमवारी सकाळी सातला बायको आणि सासूबाईंना घेऊन पर्वरीला निघालो. होंड्यापर्यंत कसाबसा आलो. साखळी गावात पुलाच्या अलीकडे गाडी बाजूला घेतली आणि वाळवंटी नदीच्या काठावर पोटातलं सगळं बाहेर. सासूबाई गाडीत पदर नाकाला लावून बसलेल्या. पुढे बायकोनं गाडी चालवली. डोकं संध्याकाळपर्यंत ठणकत होतं, उजेड सहन होत नव्हता, हाताला बारीक कंप होता.

आता पुढच्या शनिवारी तिकडंच मेहुणीचा साखरपुडा. रविवारी सकाळी पाहुण्यांना आणायला मोपा विमानतळावर मलाच जायचंय. तेव्हा आधी काय खावं, मधे काय करावं आणि तरीही व्हायचं ते झालं तर सकाळी काय करावं, अनुभवी लोकांनी सांगा. आमच्याकडं पांढरा रस्सा प्यायला सांगतात, पण तो इथं कोण करून देणार?

म्हापशेकार:

सोपा उपाय. पिऊ नका. 😀
तो जमत नसेल तर दुसरा. सकाळी उठल्या उठल्या अर्धा पेला उर्राकच घ्यायची. आमचे काका तसंच करायचे. उताऱ्यावर उतारा. दहा मिनिटांत माणूस ताजातवाना.

खारातली तोर:

ह्या काकांचं पुढं काय झालं तेही सांगा हो भाऊ.

कोल्हापूरकर भाऊ, मी सत्तरीचीच, तुमच्या सासूबाईंच्या बाजूनं बोलते. आमच्याकडे पेला रिकामा दिसला की भरायचा, ही रीत. त्यात आग्रह कमी आणि सवय जास्त. म्हणून पेला रिकामा करायचाच नाही. अर्ध्यावर ठेवून उठायचं, आचाऱ्याला काही हवं-नको बघायचं, म्हाताऱ्यांच्या पाया पडायचं, पोरांना आंबे काढून द्यायचे. कामात असलेल्या जावयाला कोणी ओढून बसवत नाही, उलट नाव होतं. जो खुर्चीत बसून राहतो त्याचाच पेला भरतो.

आणि सकाळी घरात सांगा, उकड्या तांदळाची पेज करा म्हणून. पातळ, मीठ जरा जास्त. सोबत खारातली तोर, म्हणजे मिठाच्या पाण्यात मुरवलेली कैरी. तेलकट, तिखट काही नको. माझ्या नवऱ्याला डोकं धरलेलं असलं की मी भाजी-पाव, रस-ऑम्लेट काही देत नाही. आधी पेज, ती पोटात टिकली तर मग किसमूर (सुक्या सुंगटांची कोशिंबीर). टिकली नाही तर परत पेज.

डिचोलीचा मेडिकलवाला:

मी लिहिणार नव्हतो, पण वर काकांचा उतारा वाचला आणि राहवेना.

माझं डिचोलीत औषधाचं दुकान आहे आणि मामाची सत्तरीत भाटी होती, त्यामुळे ह्या दुखण्याचा उगम आणि शेवट दोन्ही जवळून पाहिलेत. लहानपणी मे महिन्यात कोळंबीत (बोंडू तुडवायच्या खळग्यात) बोंडू तुडवायला आम्हा भाच्यांनाच उतरवायचे. पाय आठवडाभर चिकट. रस दोनतीन दिवस आंबला की भाण्यात (गाळायच्या मडक्यात) घालून पहिल्या वाफेची जी निघते ती उर्राक. तीच पुन्हा आंबलेल्या रसाबरोबर ऊर्ध्वपातन केली की फेणी. फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालं, २०१६ साली सरकारनं तिला वारशाचा मान दिला, म्हणून तिला सगळे वचकून असतात. फेणी लोक इवल्याशा ग्लासातून घेतात. उर्राक मात्र गरीब गाय समजून पेल्यानं पितात. घोटाळा तिथंच आहे.

हिशोब करू. उर्राक साधारण १५ टक्क्यांची धरा, भाटीगणिक थोडी इकडं-तिकडं. तुमच्या स्टीलच्या पेल्यात अर्धी उर्राक, अर्धी लिम्का म्हणजे निदान १५० मिलिलिटर उर्राक. त्यात शुद्ध अल्कोहोल साधारण १८ ग्रॅम. व्हिस्कीच्या साठच्या पेगमध्ये असतं २० ग्रॅम. म्हणजे तुम्ही 'बोंडूंचा रस' म्हणून पाच-सहा मोठे पेग मारलेत! सहा पेल्यांचे झाले १०८ ग्रॅम. यकृत तासाला ढोबळमानानं सात ते दहा ग्रॅम निपटतं. त्याला घाई करता येत नाही. थंड पाण्याची आंघोळ, कडक कॉफी, लिंबू, कशानंही वेग वाढत नाही. कॉफीनं फक्त झिंगलेला माणूस जागा राहतो. संध्याकाळी सातपासून मोजा, हिशोब पहाटे सहा ते सकाळी साडेदहाच्या मधे कुठंतरी मिटतो. सोमवारी सातला तुम्ही स्टिअरिंगवर बसलात तेव्हा रविवारची बहुधा अजून अंगात होती. कायद्यात मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमची आहे. पहिल्याच गुन्ह्याला दहा हजारांपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. 'मी तर रात्री प्यालो होतो' हे मशीनला सांगून उपयोग नाही. ओकारी झाली ते एका परीनं बरंच झालं, गाडी बायकोच्या हातात गेली.

डोकं का दुखतं? एकच कारण नसतं. दारूमुळे लघवी आवरणारं हार्मोन दबतं, त्यामुळे प्याल त्याहून जास्त पाणी बाहेर. त्यात एप्रिलातला सत्तरीचा घाम. पोटाच्या आतल्या आवरणाची जळजळ वेगळी. झोप लागते पण पहाटे तुटते, म्हणून आठ तास लोळूनही अंग मोडून येतं. शिवाय आपल्या भाटीच्या दारूत वासाची, चवीची जी द्रव्यं भरपूर असतात (ज्यांच्यासाठी आपण ती पितो) तीही डोक्यात भर घालतात. व्होडकासारख्या गाळूनगाळून कोऱ्या केलेल्या दारूत ती कमी. बिअर आधी की उर्राक आधी ह्यावर माझ्या दुकानासमोरच्या बाकड्यावर वर्षानुवर्षं वाद चाललाय. क्रमानं काही होत नाही, बेरजेनं होतं.

काकांचा उतारा हा कर्ज फेडायला नवं कर्ज. त्रास दुपारवर ढकलला जातो, एवढंच. आणि रोज सकाळी तो लागायला लागला तर ते हँगओव्हर राहत नाही, डॉक्टरकडे जायचं काम होतं.

आता शनिवारचं. बसायच्या आधी भात-आमटी-मासळी असं पोटभर जेवा. शेंगदाणे म्हणजे जेवण नव्हे. पोट भरलेलं असलं की दारू आतड्यात सावकाश उतरते, एकदम चढत नाही. जेवायचं शेवटी हा आपल्याकडचा रिवाजच मुळात उलटा आहे, आधी रिकाम्या पोटी दोन पेले आणि मग रात्री साडेअकराला ताट. पेल्यागणिक एक पेला साधं पाणी. आणि मोजायला माझ्या मामाची युक्ती: अंगणात काजूच्या बिया वाळत घातलेल्या असतात, दर पेल्याला एक बी उचलून खिशात टाकायची. गप्पांच्या भरात आकडा विसरतो, खिसा विसरत नाही. (बी दातांनी फोडायला जाऊ नका, सालीतल्या तेलानं ओठ भाजून निघतात. कोल्हापूरचे म्हणून सांगतो.) तीन बिया झाल्या की फक्त लिम्का, मीठ, मिरची. बाहेरून कोणाला कळत नाही.

तरीही डोकं धरलंच तर ओआरएस. मोठं पाकीट एक लिटर पाण्यात, अर्ध्या ग्लासात नाही! घोट घोट घ्या, गटागट प्यालात तर परत येईल. शहाळं चांगलं, पण त्यात सोडियम कमी, म्हणून चिमूटभर मीठ घाला. वर ताईंनी सांगितलेली पेज तर माझ्या दुकानातल्या निम्म्या मालापेक्षा सरस आहे, पाणी, मीठ, पिष्ट सगळं एका वाडग्यात. सोलकढी आवडत असेल तर प्या, पण तिला औषध समजू नका.

गोळ्यांचं मात्र नीट वाचा. सोमवारी सकाळी साडेआठला शटर वर करतो तेव्हा पायरीवर काळा चष्मा लावून एकदोघं उभेच असतात. एकाला पॅरासिटामॉल हवी असते, तीही दोन एकदम. एखादी ठीक, पण रोज पिणाऱ्याच्या यकृताला ती जड जाऊ शकते आणि 'उद्या दुखू नये' म्हणून रात्रीच दारूवर घेऊन झोपण्यात काही अर्थ नाही. आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन आधीच सोललेल्या पोटाला आणखी खरवडतात. झोपेची गोळी दारूवर कधीच नाही, श्वास मंदावतो. जुलाबासाठी मेट्रोनिडाझोलचा कोर्स चालू असेल तर एक थेंबही नको, छाती धडधडते, तोंड लाल होतं, ओकाऱ्या होतात. घरात कोणी शुगरची ग्लिमेपिराइड घेत असेल किंवा इन्सुलिनवर असेल तर त्यांना आग्रह करू नका. दारूवर साखर एकदम खाली जाते आणि सगळे म्हणतात, चढलीय, झोपू द्या.

झोपू द्या ह्याच शब्दानं माणसं जातात. हलवून उठत नसेल, श्वास फार संथ किंवा अडखळत असेल, अंग गार, ओठ निळसर, झटका आला असेल, तर कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. लिंबू पिळत बसू नका.

म्हापशेकार:

मेडिकलवाले बाब, ऐकलं. काका २०११ साली गेले. यकृतानंच. वर गंमत म्हणून लिहिलं होतं.

खारातली तोर:

😔 मी तसं विचारायला नको होतं.

म्हापशेकार:

नाही हो बाय, बरं केलंत.

पर्वरीचा कोल्हापूरकर:

साखरपुडा पार पडला, म्हणून वृत्तांत देतो. दुपारी तीनलाच सासूबाईंना म्हटलं, मला आधी वाढा. त्यांनी काही न विचारता हुमण-भात (माशाची आमटी आणि भात) वाढला, वर तळलेला बांगडा. साखळीचा पूल त्याही विसरलेल्या नसाव्यात.

संध्याकाळी खुर्चीत बसलोच नाही. तोरताईंचं ऐकून मांडवात खुर्च्या लावल्या, जनरेटरवाल्याशी भांडलो, एका आजोबांना तीनदा मोरीपर्यंत सोडून आलो. नऊ वाजेपर्यंत तीन पेले झाले, चौथ्यात नुसती लिम्का. सासऱ्यांनी एकदा पेला हुंगला. माझ्याकडे बघितलं, मिरची आणखी एक टाकली आणि पुढे गेले. काही बोलले नाहीत.

पहाटे डोकं किंचित जड होतं, पण पेज पिऊन साडेनऊला मोप्याला निघालो, पाहुणे व्यवस्थित घरी आणले. रस्त्यात डिचोलीत मेडिकलवाल्यांचं दुकान शोधलं. रविवार, बंद होतं.

आज बायकोनं कपडे धुवायला काढले तर पँटच्या खिशात काजूच्या बिया. तळहातावर घेऊन मोजल्या आणि विचारलं, "तीनच? की काही वाटेत सांडल्या?"