प्रतिसाद: मानवी भूगोल आणि आठवडी बाजार

प्रथम वर्षाचा मानवी भूगोल म्हणजे केवळ व्याख्यांचे पाठांतर, असे एक मत मांडले जाते; ते मला पटत नाही. दोष विषयाचा नसून तो शिकवण्याच्या पद्धतीचा आहे. जर्मन भूगोलतज्ज्ञ वाल्टर ख्रिस्टालर यांनी १९३३ मध्ये दक्षिण जर्मनीतील वस्त्यांच्या अभ्यासातून मांडलेला मध्यवर्ती स्थान सिद्धांत (आजूबाजूच्या परिसराला वस्तू आणि सेवा पुरवणाऱ्या वस्त्या कुठे आणि किती अंतरावर असतात, हे तो सांगतो; प्रत्येकीचे बाजारक्षेत्र त्यात षटकोनी धरले जाते) आपल्याकडे फळ्यावरच्या षटकोनांपुरता उरतो, आणि विद्यार्थी ते षटकोन परीक्षेसाठी घोटून काढतात. तोच सिद्धांत आठवडी बाजारात उभे राहून पाहावा. बांगड्या विकणाऱ्या एका मावशींनी मला सोमवार ते शनिवारचे सहा गावांचे बाजार बोटांवर मोजून दाखवले होते. एकाच गावात दुकान का थाटले नाही, असे विचारताच त्या म्हणाल्या, "एका गावाच्या गिऱ्हाइकीवर पोट कसं भरणार?" धंदा टिकण्यासाठी लागणारी किमान गिऱ्हाइके, ही संकल्पना त्यांनी एका वाक्यात सांगितली; एका गावात तितकी गिऱ्हाइके नसली की विक्रेत्यालाच फिरावे लागते. प्रत्यक्ष नकाशावर षटकोन क्वचितच जुळतात, कारण नदी, घाट आणि एस.टी.चा रस्ता यांचाही बाजाराच्या जागेवर परिणाम होतो, आणि वर्गात सर्वाधिक रंगते ती नेमकी हीच चर्चा.