रीसॅट-२बी ३७ अंशांत, कार्टोसॅट-३ ९७.५ अंशांत: असं का?

पोलारिस_७९:
इस्रोचा रडारवाला उपग्रह रीसॅट-२बी (पीएसएलव्ही-सी४६ रॉकेट, २२ मे २०१९) ५५७ किमीवर, ३७ अंश कलाच्या (कक्षेचा विषुववृत्ताशी कोन) कक्षेत सोडला. त्याच वर्षी २७ नोव्हेंबरला गेलेला कॅमेरावाला कार्टोसॅट-३ मात्र ५०९ किमी, ९७.५ अंश. काम दोघांचंही टेहळणीचंच, मग एवढा फरक का? दुसरं म्हणजे, नोटॅममधल्या (प्रक्षेपणाआधी विमानांसाठी निघणारी धोक्याच्या क्षेत्रांची सूचना) पहिल्या धोक्याच्या पट्ट्यावरून कल काढला तर कार्टोसॅटसाठी ५१ अंश येतात. कुठे चुकतंय?

कक्षावेडा:
कॅमेऱ्याला ऊन लागतं, रडारला लागत नाही. कार्टोसॅट सूर्यसमकालिक कक्षेत असल्यामुळे एखाद्या जागेवरून दरवेळी साधारण त्याच स्थानिक वेळेला जातो. सावल्या जुळतात, त्यामुळे जुना आणि नवा फोटो शेजारी ठेवला की नवी शेड किंवा उकरलेली जमीन लगेच दिसते.

३७ अंशांचा उपग्रह ३७ अक्षांशाच्या वर जातच नाही. भारत ८ ते ३७ मध्ये बसतो, म्हणजे ध्रुवांवर फेऱ्या वाया जात नाहीत. खरी मेख टोकाला आहे: कक्षेच्या माथ्याजवळ उपग्रह जवळपास पूर्व-पश्चिम सरकतो. ९६ मिनिटांच्या फेरीत ३१ ते ३७ उत्तर या पट्ट्यात तो सुमारे १६ मिनिटं असतो. ध्रुवीय कक्षेत हाच पट्टा एका फेरीत दोनदा ओलांडायला मिळून तीन-सव्वातीन मिनिटंच लागतात. त्या पट्ट्यात कुठल्या सीमा येतात ते नकाशात बघा.

नोटॅमवाचक:
५१ का आला ते सांगतो. सूत्र बरोबर आहे: कोसाइन(कल) = कोसाइन(अक्षांश) × साइन(दिशाकोन). दिशाकोन म्हणजे उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजलेली दिशा. श्रीहरिकोटाचा अक्षांश १३.७ अंश. तुम्ही पहिल्या पट्ट्याची दिशा घेतलीत, ती साधारण १४०. त्यातून ५१ च येणार. पण रॉकेट त्या दिशेने शेवटपर्यंत जातच नाही.

९७.५ साठी सूत्र १८८ अंश मागतं, म्हणजे जवळजवळ सरळ दक्षिण. तसं सोडलं तर आधी चेन्नई, मग तामिळनाडूची किनारपट्टी, शेजारी श्रीलंका. म्हणून आधी आग्नेयेला समुद्रावर काढतात आणि वरचे टप्पे जळत असताना दक्षिणेकडे वळवतात. या वळणात इंधन जातं. तामिळनाडूतल्या कुलसेकरपट्टिनमचं नवं केंद्र यासाठीच: तिथून एसएसएलव्ही हे छोटं रॉकेट थेट दक्षिणेला सोडता येईल.

करायचं असं: नोटॅममधले सगळे पट्टे नकाशावर काढा आणि मध्यबिंदू जोडा. रेष सरळ आली तर सूत्र चालतं. वाकली तर पहिला पट्टा विसरा, शेवटच्या दोन पट्ट्यांची दिशा घ्या आणि अक्षांशही तिथलाच घाला. ३७ अंशांच्या कलासाठी दिशाकोन १२५ च्या आसपास येतो. पृथ्वीच्या फिरण्यामुळे नोटॅमवरची दिशा त्याहून दोनेक अंश जास्त दिसते, तेवढं सोडून द्या.

रात्रपाळी:
@कक्षावेडा, "रडारला ऊन लागत नाही" हे अर्धंच खरं. रीसॅट-१ आणि ईओएस-०४ हेही रडारच, पण दोन्ही सूर्यसमकालिक. रडार वीज भरपूर खातं. स्थानिक वेळेने सकाळी सहा-संध्याकाळी सहाला जाणाऱ्या कक्षेत पॅनेलवर जवळजवळ सतत ऊन राहतं आणि बॅटरीवरचा भार कमी होतो.

हे प्रक्षेपणाच्या वेळेवरूनही ओळखता येतं. रीसॅट-१ पहाटे ५:४७ ला गेला, ईओएस-०४ ५:५९ ला. कार्टोसॅट-३ सकाळी ९:२८ ला, कारण त्याला साडेनऊच्या आसपासचं ऊन हवं होतं. १८ मे २०२५ चा ईओएस-०९ देखील ५:५९ चाच. तो कक्षेत पोचला नाही. पीएसएलव्ही-सी६१ च्या तिसऱ्या टप्प्यात चेंबरचा दाब पडला. हा टप्पा घनइंधनाचा, म्हणजे पुन्हा पेटवायची सोय नाही, आणि राहिलेला वेग भरून काढण्याइतकं इंधन चौथ्यात नसतं.

पोलारिस_७९:
पण रीसॅट-२बी पण पहाटे साडेपाचलाच गेला की.

रात्रपाळी:
तिथे या वेळेवरून काही ठरत नाही. ३७ अंशांत कक्षेचं प्रतल सूर्याच्या तुलनेत रोज सुमारे सात अंश मागे सरकतं. आज एखाद्या जागेवरून सकाळी आठला गेला, तर उद्या साडेसातच्या आसपास जाईल. ५२ दिवसांत घड्याळाचा पूर्ण फेरा होतो. वेळ आणि नोटॅमची रेष दोन्ही जुळली तरच सूर्यसमकालिक म्हणा.